गाडीचा आवाज आला की मुलगी पुस्तक उघडते

वाचकाचे पत्र, थोडक्यात: सोलापूरच्या पूर्व भागात राहणारे हे गृहस्थ ४१ वर्षांचे असून एका टॉवेल कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांची देखभाल-दुरुस्ती पाहणारे कामगार, आहेत. त्यांचे वडील, अण्णा, तरुणपणी अतिशय तापट होते. कामावरून परतताना ते कधी मुलांसाठी लिमलेटच्या गोळ्या आणीत, तर कधी घरात पाऊल टाकताच कमरेचा पट्टा काढीत, आणि आज यांपैकी काय होणार हे जिन्यावरच्या चपलांच्या आवाजावरून ओळखण्यात पत्रलेखकाचे बालपण गेले. आज ते कोणालाही ‘नाही’ म्हणू शकत नाहीत. मालकांनी सुट्टीच्या दिवशी बोलावले तरी जातात, शेजाऱ्याने उसने मागितले तरी देतात, आणि कोणी आवाज चढवला की त्यांच्या तळहातांना घाम फुटतो. पत्नी म्हणते, हा स्वभावच आहे, जित्याची खोड. त्याच घरात वाढलेला धाकटा भाऊ मात्र अण्णांसारखाच तापट निघाला. बाहेर गप्प असणारे पत्रलेखक घरी ओरडतात आणि क्वचित हातही उचलतात. गेल्या महिन्यात त्यांच्या लक्षात आले की, त्यांच्या गाडीचा आवाज बोळात आला की सहावीतली मुलगी टीव्ही बंद करून पुस्तक उघडते. ते घरात नसले की पुस्तकाला हात लावत नाही. सहामाहीत तिचे गुण घसरले आहेत. गंमत अशी की, ७६ वर्षांच्या अण्णांच्या काठीची टकटक ऐकून हीच मुलगी धावत त्यांच्याकडे जाते. पत्रलेखकाचे प्रश्न तीन आहेत. वडिलांनी घडवले तसाच माणूस जन्मभर राहतो का? धाक काढून घेतला तर मुलगी अभ्यास करील का? आणि ओरडण्याऐवजी प्रत्येक विषयातील चांगल्या गुणांना शंभर रुपये द्यावेत, हा मेहुण्यांचा सल्ला योग्य आहे का?

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा बोळातल्या गाडीपाशी थांबले. स्वतःच्या गाडीचा आवाज मुलीच्या कानांनी ऐकणारे वडील फार थोडे असतात. बहुतेकांना तो मुलांची लग्ने झाल्यावर, कोणी हसत हसत सांगितला तर ऐकू येतो. म्हणून तुमच्या प्रश्नांकडे वळण्याआधी मी त्या आवाजाबद्दलच बोलणार आहे.

‘मुलगी माझ्यासमोर नाटक करायला शिकली आहे,’ असे तुम्ही लिहिता. गाडी वाजली की तिच्या बाबतीत दोन गोष्टी घडतात, आणि त्या वेगवेगळ्या रीतीने शिकलेल्या आहेत. पहिली तिच्या छातीत घडते आणि दुसरी हातांनी. छातीतली गोष्ट तिने ठरवलेली नाही, त्यामुळे तिला नाटक म्हणता येणार नाही. इव्हान पाव्हलॉव्ह हे मुळात पचनसंस्थेचे अभ्यासक होते, आणि १९०४ सालचे नोबेल पारितोषिकही त्यांना पचनक्रियेवरील कामासाठीच मिळाले. कुत्र्यांची लाळ मोजताना त्यांच्या कामात एक अडचण येऊ लागली. अन्न तोंडात पडण्याआधीच, ते आणणारा माणूस दिसला किंवा त्याची पावले वाजली की कुत्र्यांना लाळ सुटू लागली. दुसऱ्या कोणी ही अडचण कशीबशी दूर सारून मूळ काम पुढे नेले असते. पाव्हलॉव्ह यांनी उरलेले आयुष्य त्या अडचणीलाच वाहिले. अन्न देण्याआधी ते मुद्दाम एखादा आवाज ऐकवीत, आणि पुढे नुसत्या त्या आवाजानेच लाळ सुटे. लोकांच्या आठवणीत त्यातली घंटा राहिली असली, तरी त्यांच्या प्रयोगशाळेत तालमापकाची (मेट्रोनोमची) टकटकही बरीच वापरली जात असे. ज्या आवाजाला स्वतःचा काही अर्थ नसतो, त्याच्यामागून वारंवार काय येते यावरून शरीर त्याचा अर्थ ठरवते. आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत याला अभिजात अभिसंधान म्हणतात. माझी आजी गिरणीचा भोंगा झाला की चुलीवर तवा टाकीत असे. गिरणी बंद पडून कित्येक वर्षे लोटली तरी त्या वेळेला तिचा हात तव्याकडे जाई, आणि मग ती स्वतःशीच हसे.

तुमच्याच घरात याचा फार सुंदर पुरावा आहे, जरी तुम्ही तो पत्राच्या शेवटी ‘गंमत’ म्हणून लिहिला असला तरी. अण्णांची काठी वाजली की तुमचे खांदे आजही आखडतात आणि तुमची मुलगी धावत जाते. माणूस तोच आहे. फरक इतकाच की, तुमच्या लहानपणी त्यांच्या पावलांमागून कधी पट्टा आला, आणि तिच्या वाट्याला आलेल्या अण्णांच्या काठीमागून गोष्ट येते, खाऊ येतो, निदान काही वाईट तरी येत नाही. तुमच्या पत्रात येथे मला थोडी कडवट छटाही जाणवली, आणि ती स्वाभाविक आहे. जे अण्णा तुम्हाला हवे होते, ते तुमच्या मुलीला मिळाले. पण त्यातच तुमच्या पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. आवाजाचा अर्थ आवाजात नसतो, आणि म्हणून तुमच्या गाडीचा अर्थही बदलू शकतो.

आता हातांनी घडणारी गोष्ट. टीव्ही बंद करून पुस्तक उघडणे ही कृती आहे, आणि कृती तिच्या परिणामांनी घडते. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये पिंजऱ्यात कोंडलेल्या मांजरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. मांजर आधी पंजे मारते, चावते, ओरबाडते. योगायोगाने कळ दाबली जाऊन दार उघडते. पुढच्या प्रत्येक वेळी निरुपयोगी धडपड कमी होत जाते आणि कळ लवकर दाबली जाते. बी. एफ. स्किनर यांनी पुढे याच दिशेने काम करून साधक अभिसंधानाची, म्हणजे परिणामांवरून कृती शिकण्याची, सविस्तर मांडणी केली. कृतीनंतर जे घडल्यामुळे ती कृती पुन्हा होण्याची शक्यता वाढते, ते प्रबलन. प्रबलन दोन प्रकारचे असते, आणि दुसऱ्या प्रकाराबाबत शिकलेली माणसेही गोंधळतात. काही हवेसे मिळाल्याने कृती वाढली तर ते धन प्रबलन. काही नकोसे टळल्याने किंवा थांबल्याने कृती वाढली तर ते ऋण प्रबलन. ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा नव्हे, कारण शिक्षेने कृती कमी होते आणि ऋण प्रबलनाने ती वाढते. मी शिकवीत असताना हा फरक वर्षाला दोनदा तरी फळ्यावर लिहावा लागे.

तुमच्या मुलीचे पुस्तक ऋण प्रबलनावर उघडते. ते उघडले की ओरडा टळतो, तेवढेच काम त्या पुस्तकाचे आहे. त्यातला धडा समजला की नाही याचा त्या हिशेबाशी संबंध नाही, कारण ओरडा टळण्यासाठी धडा समजावा लागत नाही. पान उघडे असले की पुरते. म्हणजे ती शिकत नाही असे नाही. गाडी ओळखायला, टीव्हीचा रिमोट उशीखाली सरकवायला, वाचत असल्यासारखे दिसायला ती उत्तम शिकली आहे. तिला जे शिकवले गेले ते ती शिकली, आणि सहामाहीत मात्र दुसरेच विचारले गेले.

तुमचा दुसरा प्रश्न असा की, धाक काढला तर ती अभ्यास करील का. या प्रश्नात गृहीत धरलेले आहे की, धाकाने ती आज अभ्यास करते. पण तुम्हीच लिहिले आहे की, तुम्ही घरात नसताना ती पुस्तकाला हात लावत नाही. सात रस्त्याला वाहतूक पोलीस उभा असेल तर हँडलला अडकवलेले हेल्मेट डोक्यावर चढते आणि पुढच्या वळणाला पुन्हा हँडलला जाते. चालक बेशिस्त आहे असे म्हणण्यापेक्षा त्याने पोलिसाची जागा नेमकी शिकून घेतली आहे असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल. धाकाने शिकलेली गोष्ट धाकाच्या नजरेपुरती टिकते. तेव्हा धाक काढल्याने तुम्ही नेमके काय गमावणार आहात, याचा शांतपणे विचार करा. मला तर वाटते की, संध्याकाळचा एक देखावा तेवढा गमवाल.

पण येथेच थांबले तर मी तुमच्यावर अन्याय करीन, कारण या घरात फक्त मुलीलाच वळण लागत नाही. तुम्हालाही लागते आहे. तुम्ही ओरडता तेव्हा पुढच्या दोन सेकंदांत काय होते? घर शांत होते. दिवसभर मागांच्या खडखडाटात आणि मालकांच्या बोलण्यात काढलेल्या माणसाला ती शांतता किती गोड लागत असेल, याची मी कल्पना करू शकते. म्हणजे तुमच्या ओरडण्याला रोज, विनाविलंब, हमखास फळ मिळते. त्याचे वाईट परिणाम मात्र सहा महिन्यांनी गुणपत्रिकेवर आणि दहा वर्षांनी नात्यात दिसतात. तत्काळ मिळणारे छोटे फळ आणि उशिरा येणारे मोठे नुकसान यांत वर्तन जवळजवळ नेहमी पहिल्याच्या बाजूने जाते. तुम्ही वाईट बाप आहात म्हणून ओरडत नाही. ओरडणे चालते म्हणून ओरडता. अशा रीतीने बाप आणि मुलगी एकमेकांना शिकवीत राहतात आणि दोघांनाही वाटते की, समोरच्याचा स्वभावच वाईट.

हेच तुमच्या ‘हो’ला लागू आहे. मालक विचारतात, तुमच्या पोटात गोळा येतो, तुम्ही हो म्हणता, गोळा विरतो. रविवार गेला तरी त्या क्षणी सुटका होते, आणि ती सुटका पुढच्या ‘हो’ची तयारी करून ठेवते. तुम्ही समजता की, अण्णांनी तीस वर्षांपूर्वी तुमच्या मनाला एक गाठ मारली आणि ती आता सुटणार नाही. मला दिसते ते वेगळे आहे. गाठ तेव्हा बसली हे खरे, पण ती आज टिकून आहे ती रोज पुन्हा आवळली जाते म्हणून. पाव्हलॉव्ह यांच्या कुत्र्यांना पुढे नुसती टकटक ऐकवली आणि अन्न दिले नाही, तर लाळ हळूहळू सुटेनाशी होई. याला विलोपन म्हणतात. मग तुमची भीती तीस वर्षांत का विझली नाही? कारण विझायला जे लागते ते तुम्ही कधी घडूच दिले नाही. ‘नाही’ म्हटल्यावर काय होते हे पाहायला तुम्ही तेथे थांबलाच नाहीत. जो माणूस प्रत्येक वेळी आधीच पळतो, त्याला कधीच कळत नाही की मागे कोणी धावत नव्हते.

अण्णांचे कधी गोळ्या आणि कधी पट्टा असे वागणे या भीतीला आणखी चिवट करून गेले असावे. या अनिश्चिततेचे सामर्थ्य आपण सोलापूरकरांना वेगळे सांगायला नको. नळाला पाणी रोज येत नाही, आणि ज्या दिवशी येते त्या दिवशीही वेळेचा भरवसा नसतो, म्हणून घरातले एक माणूस कान नळाकडे ठेवून झोपते. पाणी रोज पहाटे सहाला आले असते तर कोणी नळाचा विचारही केला नसता. स्किनर आणि चार्ल्स फर्स्टर यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोठ्या अभ्यासात कबुतरांबाबत हेच सविस्तर दिसते: फळ दरवेळी मिळत असेल आणि मग बंद झाले तर कृतीही लवकर थांबते, पण फळ अधूनमधून, अंदाज न येईल असे मिळत असेल, तर ते बंद झाल्यावरही कृती दीर्घकाळ चालू राहते. तुमचे लहानपण नळाकडे कान लावून गेले आहे. आजही कारखान्यात कोण कोणत्या मनःस्थितीत आला हे तुम्हाला इतरांच्या आधी कळत असेल. ते तुमचे कौशल्यही आहे, आणि थकव्याचे कारणही.

आता ‘स्वभाव’ या शब्दाकडे येऊ. माणूस पूर्णपणे वळणाने घडतो का? एका काळी असे ठासून सांगणारे लोक होते. मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन यांनी १९१३ मध्ये वर्तनवादाची, म्हणजे मनाऐवजी दिसणाऱ्या वर्तनाचाच अभ्यास करावा या मताची, घोषणा केली आणि पुढे असा दावाही केला की, डझनभर निरोगी बाळे माझ्या हवाली करा, त्यांतल्या कोणालाही मी हवा तो माणूस बनवून दाखवीन. हे बोलताना आपण पुराव्याच्या पलीकडे जात आहोत, हे त्यांनी स्वतःच कबूल केले होते. दावा सर्वत्र गाजला आणि कबुली मागे पडली. १९२० मध्ये त्यांनी आणि रोझली रेनर यांनी अल्बर्ट नावाने ओळखल्या जाणाऱ्या सुमारे अकरा महिन्यांच्या बाळाला पांढरा उंदीर दाखवून त्याच वेळी त्याच्या डोक्यामागे पोलादी कांबीवर हातोडा मारला. असे काही वेळा केल्यावर बाळ उंदराला पाहून रडू लागले, आणि पुढे सशाला, कुत्र्याला, केसाळ कोटालाही घाबरू लागले. ती भीती काढण्याचे काम त्यांनी केलेच नाही. आज असा प्रयोग कोणी करू धजणार नाही, आणि धजू नये.

अल्बर्ट सर्वांना ठाऊक असतो. पीटर कोणाला ठाऊक नसतो, आणि याचे मला नेहमी वाईट वाटते. मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातला पीटर सुमारे तीन वर्षांचा होता आणि सशाला घाबरत असे. आधी त्याला सशाला न घाबरणाऱ्या मुलांबरोबर खेळू दिले गेले आणि भीती कमी होऊ लागली. मध्येच तो आजारी पडून रुग्णालयात राहिला, परतताना एका मोठ्या कुत्र्याने त्याला घाबरवले, आणि भीती पुन्हा मूळ पदावर आली. जोन्स यांनी हार मानली नाही. पीटर आवडीचे खाणे खात असताना पिंजऱ्यातला ससा खोलीत लांब ठेवायचा आणि दिवसागणिक, त्याला सोसेल तेवढाच, जवळ आणायचा. शेवटी पीटर सशाला हाताने कुरवाळू लागला. भीती शिकता येते हे वॉटसन यांनी दाखवले, ती उतरवता येते हे जोन्स यांनी दाखवले. तुमच्या पहिल्या प्रश्नासाठी मला पीटर अधिक महत्त्वाचा वाटतो, मधल्या घसरणीसकट.

तरीही वळण म्हणजे सर्वस्व नव्हे, आणि तुमचा धाकटा भाऊ याचा साक्षीदार आहे. घर एक, पट्टा एक, आणि एक मुलगा गप्प झाला, दुसरा तापट. स्टेला चेस आणि अलेक्झांडर थॉमस या मानसोपचारतज्ज्ञ दांपत्याने १९५६ पासून न्यूयॉर्कमध्ये शंभराहून अधिक मुलांचा तान्ह्या वयापासून वर्षानुवर्षे मागोवा घेतला. त्यांना दिसले की, चपळता, नव्याला सामोरे जाण्याची तयारी, प्रतिक्रियेची तीव्रता यांत बाळे अगदी सुरुवातीपासून वेगळी असतात, आणि मूल पुढे कसे होते हे त्याची मूळ प्रकृती आणि भोवतालच्या अपेक्षा यांचा मेळ कसा बसतो यावर बरेच अवलंबून असते. ताण्याचे सूत जन्माने येते आणि बाणा आयुष्य टाकते, असे मी जॉबरला सांगितले तर तो मला हसणार नाही अशी आशा आहे. शिवाय प्रत्येक गोष्ट स्वतःला फळ मिळूनच शिकावी लागते असेही नाही. अल्बर्ट बांडुरा यांच्या १९६१ च्या प्रयोगात, मोठ्या माणसाला बाहुलीला बडवताना नुसते पाहिलेल्या मुलांनी नंतर तसेच केले. तुम्ही गप्प राहायला मार खाऊन शिकलात. ओरडायला बहुधा अण्णांना पाहून शिकलात, कारण ओरडल्यावर घर कसे ऐकते हे तुम्ही रोज पाहत होता. जेथे तुम्ही लहान आहात तेथे, म्हणजे मालकांसमोर, पहिला धडा चालतो, आणि जेथे मोठे आहात तेथे दुसरा. बाहेर गरीब आणि घरात वाघ, ही तुम्हाला छळणारी विसंगती त्यामुळे मला विसंगती वाटत नाही.

मेहुण्यांच्या शंभर रुपयांबद्दल माझे मत सरसकट विरोधाचे नाही, पण त्यात दोन अडचणी आहेत. गुण सहा महिन्यांनी येतात, आणि अकरा वर्षांच्या मुलीच्या आजच्या संध्याकाळला सहा महिन्यांनंतरचे शंभर रुपये काहीही सांगत नाहीत. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. तुम्ही ओघात लिहिले आहे की, तुम्ही कारखान्यातून आणलेल्या आलेख कागदावर ती चादरीच्या नक्षीसारखे मोर आणि वेलबुट्ट्या रंगवीत बसते, आणि ‘त्यालाही पैसे लावले तर ती वहीत लक्ष घालील’ असे मेहुणे म्हणतात. त्याला कृपा करून पैसे लावू नका. १९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी चित्रे काढायला मुळातच आवडणारी बालवाडीची मुले निवडली. काहींना आधी सांगितले की चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते न सांगता नंतर दिले. काहींना दिलेच नाही. काही दिवसांनी मोकळ्या वेळेत पाहिले तेव्हा, आधी कबूल केलेल्या बक्षिसासाठी चित्र काढलेली मुले इतरांपेक्षा चित्रांकडे कितीतरी कमी वळली. न सांगता बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र घटली नव्हती. आपल्याकडे विडी वळणाऱ्या बायांना हजारी विड्यांमागे मजुरी मिळते. हजार भरले की हात थांबतो, आणि मजुरी नसेल तर हौसेने कोणी विडी वळत नाही. पोटासाठी ती व्यवस्था असते. मुलीच्या मोरांना ती नको. जे काम तिला अजिबात करवत नाही, उदाहरणार्थ गणिताचा गृहपाठ, तेथे सुरुवातीला एखादे छोटे, त्याच दिवशी मिळणारे फळ ठेवायला हरकत नाही. मात्र ते पैशाऐवजी एकत्र वेळ असावा, आणि काम जमू लागले की हळूहळू मागे घ्यावा.

मग करायचे काय? मी तुम्हाला उपदेशाआधी एक नोंदवही सुचवते. माग वारंवार बंद पडू लागला तर तुम्ही लगेच हातोडा मारीत नाही. सूत कोठे तुटते, कशानंतर तुटते, हे आधी पाहता. दोन आठवडे रोज रात्री पाच मिनिटे लिहा: आधी काय घडले, तुम्ही किंवा तिने काय केले, आणि लगेच पुढे काय झाले. ‘ती आळशी आहे’ किंवा ‘मी भित्रा आहे’ असे लिहू नका, कारण त्याला दुरुस्ती नसते. ‘सव्वासातला मी आलो, तिने टीव्ही बंद केला, मी गप्प बसलो’ असे लिहा. बहुतेकांना पहिल्या आठवड्यातच एखादे वळण असे सापडते, जेथे आपण नको असलेल्या वर्तनाला स्वतःच पाणी घालीत होतो.

त्याच दरम्यान गाडीचे काम सुरू करा. घरी आल्यावरची पहिली वीस मिनिटे अभ्यासाचा एकही प्रश्न विचारायचा नाही. टीव्ही चालू असला तरी नाही, पुस्तक उघडे असले तरी शाबासकीही नाही. हातपाय धुवा, चहा घ्या, तिने काढलेला मोर मागून पाहा, किंवा नुसते कट्ट्यावर बसा. सुरुवातीला ती तुमच्याकडे संशयाने पाहील, आणि तिने तसे पाहणे योग्यच आहे. गाडीमागून ओरडा येत नाही हे तिच्या शरीराला पटायला एक-दोन दिवस पुरणार नाहीत, आणि पंधरा दिवसांच्या शांततेनंतर तुम्ही एकदा भडकलात तर बरेचसे पुन्हा मागे जाईल, पीटरसारखे. तरी ते शून्यावर जात नाही. विझलेली प्रतिक्रिया काही काळाने अचानक डोके वर काढते, हे पाव्हलॉव्ह यांच्या कुत्र्यांतही दिसले होते. भडकलात तर त्याच रात्री तिच्याजवळ बसून एका वाक्यात सांगा, ‘मघाशी ओरडलो ते चुकले,’ आणि त्यापुढे ‘पण तूही’ जोडू नका. हात मात्र आजपासून उचलायचा नाही. त्यात टप्पे नाहीत.

धाक काढणे म्हणजे नियम काढणे नव्हे. टीव्ही किती वाजता बंद होणार हे तिघांनी बसून ठरवा आणि तो बंद झाला नाही तर दुसऱ्या दिवशीचा अर्धा तास कमी होईल, इतकाच साधा परिणाम ठेवा. परिणाम लहान असू द्या, पण दरवेळी असू द्या. मोठा आणि मनाला येईल तेव्हाचा नको, कारण तो पट्टा आणि गोळ्यांचाच खेळ होतो. येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. ओरडणे थांबल्यावर काही दिवस टीव्ही अधिकच चालेल, हट्ट वाढेल, आणि घरातले म्हणतील की, पाहा, लाडाने बिघडली. जुनी रीत उपयोगी पडेनाशी झाली की ती सोडण्याआधी मूल तीच रीत एकदा जोर लावून करून पाहते. नेमक्या त्याच वेळी आपण हार मानली, तर जोर लावला की मिळते एवढेच शिकवून जातो. पत्नीला आणि अण्णांना हे आधीच सांगून ठेवा.

अभ्यासासाठी तुम्ही घरात नसतानाची पंधरा मिनिटे निवडा. रोज एकच वेळ, एकच जागा, एकच छोटे काम, आणि ते झाल्यावर तिला जे करायचेच असते ते, म्हणजे मोर. हे आईच्या देखरेखीत होऊ द्या. काय झाले ते तुम्हाला रात्री ऐकायला मिळाले, तर ‘हुशार आहेस’ म्हणण्यापेक्षा ‘तिसरे उदाहरण चुकल्यावर तू पुन्हा केलेस, ते मला आवडले’ असे म्हणा. हुशारी तिच्या हातात नाही. पुन्हा करून पाहणे आहे.

तुमच्या ‘नाही’साठी ससा लांबून जवळ आणावा लागेल. मालकांपासून सुरुवात करू नका. उसने मागणाऱ्या शेजाऱ्याला आधी फक्त ‘उद्या सांगतो’ म्हणा, आणि त्याआधी वहीत लिहा की काय होईल असे वाटते; नंतर प्रत्यक्ष काय झाले ते शेजारी लिहा. पोटातला गोळा विरेपर्यंत तेथेच थांबणे, हाच यातला खरा व्यायाम आहे. मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांनी १९६७ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांतून असे मांडले होते की, आपल्या हातात काही नाही हे प्राणी शिकतो आणि मग सुटका शक्य असतानाही हातपाय गाळतो. जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, मेंदूवरील नव्या संशोधनाच्या आधारे त्या दोघांनीच आपले मत उलटे केले: दीर्घकाळच्या त्रासापुढे गप्प पडणे ही मूळची प्रतिक्रिया आहे, आणि शिकावी लागते ती आपल्या हातात काही आहे ही जाणीव. तुमच्यासारख्या वाचकांना मला हे मुद्दाम सांगावेसे वाटते. तुमचा काही भाग बिघडलेला नाही. एक गोष्ट शिकायची राहून गेली आहे.

तळहातांचा घाम, झोप न लागणे किंवा छातीतली धडधड यांमुळे कामात अडथळा येत असेल, किंवा हात उचलण्यावर ताबा राहत नसेल, तर वहीवर विसंबू नका. शासकीय रुग्णालयात मनोविकार विभाग असतो, आणि टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. अशा भीतीवर टप्प्याटप्प्याने काम करण्याचे प्रशिक्षण घेतलेली माणसे तेथे भेटतात, आणि त्यांची पद्धत तुम्हाला पीटरच्या सशाची आठवण करून देईल.

अण्णांशी जुन्या पट्ट्याबद्दल बोलावे का, असे तुम्ही पत्रात विचारलेले नाही, पण दोन ठिकाणी त्या प्रश्नाच्या अगदी जवळून गेला आहात. घाई करू नका. सध्या एवढेच करून पाहा: संध्याकाळी त्यांची काठी वाजेल तेव्हा उठून आत जाऊ नका, मुलगी त्यांच्याजवळ बसेल तेथे तुम्हीही दहा मिनिटे बसा. आणि शनिवारी आलेख कागद आणाल, त्या दिवशी सहामाहीचा विषय काढू नका.